मासा सोडला म्हणजे पुण्य नाही लागत

बंदरपाखाडी: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. साहेब हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जाऊन ट्राउट मासा गळाने धरून, फोटो काढून, सोडून आले आणि वर लिहितात, 'आम्ही जीव घेत नाही, क्रौर्य बघायचं तर मुंबईच्या मासळीबाजारात जा'. अहो, ज्याच्या ओठात हुक घालून दमेस्तोवर झुंजवलंत त्याला विचारा की! आम्ही मारतो ते खायला, तुम्ही नुसती मजा मारता. आणि तो ब्राउन ट्राउट हिमाचलचा नाहीच, इंग्रजांनी स्वतःच्या करमणुकीसाठी आणून सोडला, तिथल्या मूळच्या स्नो ट्राउटच्या मुळावर आला. म्हणे निसर्गप्रेम.

फ्लायवाला_मुलुंड: पोस्ट माझीच. बार्बलेस, म्हणजे उलटा काटा नसलेला हुक वापरतो, हात ओले करूनच मासा धरतो, लगेच पाण्यात सोडतो. मासे धरायला ब्लीचिंग पावडर टाकून नद्या मारणाऱ्यांवर कधी एवढं लिहिलंत? तीर्थनवर वीजप्रकल्प नकोत म्हणून गाववाले भांडले तेव्हा हाच परका ट्राउट कामी आला, ते सोयीस्कर विसरायचं. होमस्टे, गाइड, लायसन्स, सगळं त्याच्यावर चालतं. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे मासेमारी बंद, अंडी घालायचा काळ म्हणून. तुमच्या बाजारात असलं काही पाळतात?

वर्सोव्याची_सून: १ जून ते ३१ जुलै आमच्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, दोन महिने कमाई नाही. आम्हाला नियम शिकवू नका.

दादर_टीटी: ताई, बंदी मान्य. मग ऑगस्टमध्ये तळहाताएवढी पापलेटं कुठून येतात?

वर्सोव्याची_सून: तुम्ही घेता म्हणून येतात! 'मावशी, लहान द्या, तव्यात अख्खं बसतं' हे कोण म्हणतं, आम्ही? आणि पर्ससीनवाले, म्हणजे मोठं जाळं टाकून थवाच्या थवा घेरणारे, एलईडी दिव्यांनी मासा ओढून रात्री समुद्र खरवडणारे, त्यांचं नाव काढायला सगळ्यांची जीभ जड होते. माझे सासरे डिझेल जाळून रिकामं जाळं घेऊन आलेत, तेव्हा कुठे होतात?

दादर_टीटी: मी फक्त पापलेट विचारलं हो...

फ्लायवाला_मुलुंड: विषय ट्राउटचा होता!

वर्सोव्याची_सून: ट्राउटच्या विषयात बाजार तुम्हीच आणलात.

बंदरपाखाडी: वीजप्रकल्पाचा मुद्दा घ्या, दिला तुम्हाला. पण थंड पाण्यातला मासा तो, पाणी तापलं की ऑक्सिजन कमी, त्यात दमवून सोडलेला पुढे जगला का मेला, बघायला थांबलात?

फ्लायवाला_मुलुंड: म्हणूनच भर दुपारी फ्लाय, म्हणजे गळाची खोटी माशी, टाकत नाही. बाजाराची ओळ काढली, खूश? फोटो राहणार.

वर्सोव्याची_सून: ठेवा की. पुढच्या वेळी एक तळून खा, चव तरी कळेल.