हॅम्बुर्गचा बंकर: माथ्यावर बाग, बागेखाली हॉटेल

धागालेखक: हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली भागातील विमानवेधी तोफांचा बंकर नाझी राजवटीने १९४२ साली वेठबिगारांकडून बांधून घेतला. त्याच्या भिंती सुमारे साडेतीन मीटर जाडीच्या आहेत. त्यावर नव्याने चढवलेल्या पाच मजल्यांत २०२४ पासून हॉटेल आणि झाडी आहे, आणि बाहेरून वळसे घेत जाणाऱ्या पायवाटेने लोक शहर पाहायला वर चढतात. मला हे खटकते. वेलींनी झाकलेली इमारत गोजिरी दिसू लागते आणि ती कोणाच्या घामातून उभी राहिली, हा प्रश्न पाहुण्याला पडतच नाही.

वास्तुवेडा: असहमत. मुळात ती पाडायची कशी? त्याच शहरातील विल्हेल्म्सबुर्गचा बंकर ब्रिटिश सैन्याने १९४७ मध्ये आतून सुरुंग लावून उडवला. मजले कोसळले, पण कवच तसेच उभे राहिले. अनेक दशके ओस पडलेल्या त्या कवचात आता २० लाख लिटर पाण्याची टाकी आहे. तीत साठवलेली उष्णता २०१३ पासून आसपासच्या घरांना पुरवली जाते. सांक्ट पाउलीच्या बंकरमधूनच १९५२ च्या नाताळात पश्चिम जर्मनीची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली. बाहेरचा आवाज आत येऊ न देणारी भिंत स्टुडिओला आणखी कुठे मिळाली असती? वापर थांबला असता, तर देखभालही थांबली असती.

धागालेखक: माझा आक्षेप वापराला नाही, सजावटीला आहे. पाण्याची टाकी बंकरचे बंकरपण लपवत नाही, बाग लपवते.

साशंक: तुम्ही दोघेही सांक्ट पाउलीचा बंकर एकाच बाजूने पाहत आहात, असे मला वाटते. जुलै १९४३ च्या बॉम्बवर्षावात याच भिंतींआड हजारो नागरिक वाचले, त्यामुळे त्यांच्या घरच्यांसाठी ही वास्तू केवळ कलंक असू शकत नाही. वेठबिगारांना मात्र अशा आश्रयस्थानांत सहसा प्रवेश नसे. हे दोन्ही एकत्र सांगणारा मजकूर पायवाटेच्या पहिल्याच पायरीशी हवा, आतल्या एखाद्या दालनात नव्हे, कारण दालनात मुद्दाम जावे लागते आणि पायरी कोणालाच टाळता येत नाही.

वास्तुवेडा: पायरीचे मान्य. झाडे मात्र राहू द्यावीत.