मदत हवी आहे: पुरात बुडालेली कॅम्पर व्हॅन. आतल्या भिंती आत्ताच उघडू की विम्याचा सर्वेअर येईपर्यंत थांबू?

नमस्कार मंडळी,

सल्ला तातडीने हवा आहे, म्हणून सगळं एकदमच लिहितो. गाडी फोर्स ट्रॅव्हलर, २०१५ चं मॉडेल, डिझेल. सेकंडहँड घेतली आणि आतलं सगळं घर वडिलांनी बांधलं, ते सुतारकाम करतात. आरसीवर बदलाची नोंद आहे, विमा फुल आहे. गाडी कोल्हापूरजवळ शिरोलीला मित्राच्या गोडाऊनच्या आवारात होती. २०१९ च्या पुरात तिथे घोट्याएवढं पाणी आलं होतं, म्हणून आवारातल्या सगळ्यात उंच कोपऱ्यात लावली होती. यंदा जुलैत पंचगंगा त्याच्याही वर गेली. महामार्ग खुला झाल्यावर आम्ही तिथे पोहोचलो.

पाणी कुठवर चढलं ते दिसतंय: ड्रायव्हर सीटच्या बैठकीच्या चार बोटं वर. सीट बेल्ट पूर्ण ओढून पाहिला, त्याच्यावरही तेवढ्याच उंचीवर मातीचा पट्टा आहे. डॅशबोर्डचा वरचा भाग कोरडा वाटतो. चावी फिरवलेली नाही, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली आहे. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर. एअर फिल्टरचा कागद खालून ओला, गढूळ. इंजिनात पाणी गेलंय हे धरूनच चाललोय. ते काम मिस्त्री करतील, त्याची तेवढी धास्ती नाही.

माझा खरा प्रश्न आतल्या भिंतींचा आहे. पत्र्याला आतून एक्सपीएस फोम (पाणी न शोषणारा) चिकटवलाय, चाकांच्या कमानींभोवती ग्लासवूल, आणि वरून प्लाय. पलंगाची चौकट आणि खालची कपाटं बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायची आहेत, पण भिंतीचा प्लाय साधा एमआर, फक्त दमटपणा सोसणारा. तळाशी त्याची कड फुगून पदर सुटायला लागलेत. खालचा एक स्क्रू ढिला केला तर भोकातून पाण्याची बारीक धार लागली, म्हणजे भिंतीत अजून पाणी साठलेलं आहे. बाहेर पावसाची रिपरिप, आत कुबट वास.

विमा कंपनीकडून क्लेम नंबर मिळालाय, पण सर्वेअर कधी येईल ते नक्की नाही. जिल्हाभर हीच अवस्था आहे, तेव्हा त्यांच्यावरचा ताणही कळतो. ओळखीतले म्हणतात, सर्वेअर येईपर्यंत एक स्क्रूही हलवू नका. वडील म्हणतात, भिंत आत्ता उघडली नाही तर पत्रा आतून खाल्ला जाईल. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतोय.

शिवाय पलंगाखालची लिथियमची १०० एएचची बॅटरी पूर्ण बुडाली होती. व्होल्टेज १३ च्या आसपास दाखवते. ती वापरता येईल का? इन्व्हर्टर, छतावरचं सोलर पॅनेल, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी यांचं काय करू?

एक विनंती. भंगारात घाला असं सांगायचं असेल तर कारणासकट सांगा. पलंगाच्या चौकटीचा एकेक सांधा वडिलांनी खिळ्याशिवाय बसवलाय. शक्य तेवढं वाचवायचं आहे.

---

प्रतिसाद १ (विमा सर्वेच्या कामात आहे)

दादा, तुमचे वडील बरोबर सांगतायत. पॉलिसीच्या अटींतच लिहिलेलं असतं की नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी विमेदाराने घ्यायची. पाणी काढणं, धुणं, वाळवणं हे त्या काळजीत मोडतं. दुरुस्ती करू नका, पार्ट बदलू नका, आणि काढलेला एकही तुकडा सर्वेअरने बघेपर्यंत टाकू नका, अगदी भिजलेलं ग्लासवूलसुद्धा पोत्यात भरून ठेवा.

आधी कंपनीला ईमेल करा: 'भिंतीत पाणी साठलं आहे, बुरशी आणि गंज थांबवण्यासाठी अमुक दिवशी पॅनेल उघडतोय, हरकत असल्यास कळवा.' फोन पुरेसा नाही, लेखी हवं. मग फोटो काढा. पाण्याची रेघ आणि नंबर प्लेट एकाच फोटोत यायला हवी. प्रत्येक पॅनेल काढण्याआधी आणि काढल्यावर व्हिडिओ घ्या.

आता जरा कडू बोलतो. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये आतल्या फिटिंगची किंमत वेगळी दाखवली आहे का ते आजच बघा. बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर हे कंपनीतून गाडीसोबत आलेलं नाही, त्यामुळे इलेक्ट्रिकल फिटिंगसाठी आयएमटी २४ हे जादा कलम लावून त्याचा हप्ता भरलेला असेल तरच ते धरतात. इंजिन प्रोटेक्ट कव्हर (पाण्याने इंजिनाचं झालेलं नुकसान धरणारं जादा कव्हर) आहे का तेही बघा. ते नसेल आणि पाणी गेलेल्या इंजिनावर कोणी सेल्फ मारला, तर त्यानंतर झालेल्या मोडतोडीवर हमखास वाद होतो. तुम्ही चावी फिरवली नाहीत, हे ईमेलमध्ये मुद्दाम लिहा.

दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. २०१५ च्या गाडीची आयडीव्ही कमीच असणार, त्यामुळे तो आकडा लवकर गाठला जातो. तशी वेळ आली तर सॅल्व्हेजची (बुडालेल्या गाडीची उरलेली) किंमत वजा करून गाडी स्वतःकडे ठेवता येते का, ते सर्वेअरला सुरुवातीलाच विचारा. वडिलांचं काम वाचवायचं असेल तर ही वाट माहीत असलेली बरी.

---

प्रतिसाद २ (सांगली, गॅरेज)

भावा, २०१९ ला आमच्याकडे बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती, त्यावरून सांगतो.

गाडी टोचन करून आणताना गिअरमध्ये ठेवू नका, चाकामुळे इंजिन फिरेल. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनखाली कनेक्टिंग रॉडच वाकतो. शक्यतो फ्लॅटबेडवर आणा. हँडब्रेक आत्ताच सोडा आणि चाकांना दगड लावा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात. मिस्त्रीला सांगा, इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायचं आणि सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं. इंजिनचा चेंबर, गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग, तिन्हींचं ऑइल काढा. गिअरबॉक्स आणि हाउसिंगच्या ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) पाणी आत जातं, ते बरेच जण विसरतात आणि पुढे हाउसिंगमधला क्राऊन गिअर आवाज करायला लागतो. डिझेलची टाकी उतरवूनच साफ करा. पाणी डिझेलच्या खाली बसतं, आणि कॉमन रेलचा पंप ते सहन करत नाही.

वायरिंगचा प्रत्येक कपलर (वायरींचा जोड) सोडवून धुवायचा, वाळवायचा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. आज चालणारा कपलर दोन महिन्यांनी हिरवा पडून त्रास देतो.

आणि गाळ ओला आहे तोवर साध्या पाण्याने धुऊन काढा. एकदा वाळला की कमानींच्या सांध्यांतून निघत नाही, आणि तिथेच ओल धरून पत्रा सडवतो.

---

प्रतिसाद ३

लिथियम बॅटरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. व्होल्टेज दिसतंय यावर जाऊ नका. बीएमएसच्या (बॅटरीतल्या नियंत्रक सर्किटच्या) बोर्डावर गाळाचं पाणी गेलंय, सेलचं संतुलन आणि शॉर्टपासूनचं रक्षण तोच बोर्ड करतो. चार्ज करू नका, घरात आणू नका. हातमोजे घालून वायर सोडवा, टोकांना टेप लावा, उघड्यावर छपराखाली, लाकडापासून लांब ठेवा. फोटो झाल्यावर ई-कचऱ्यात द्या. छतावरचं सोलर पॅनेल पाण्याखाली नव्हतं, ते वाचेल, पण त्याची वायर चार्ज कंट्रोलरपासून वेगळी करा. उजेड पडला की ते वीज देतंच राहतं.

गॅसची नळी आणि रेग्युलेटर नवेच घ्या. पाण्याची टाकी ब्लीचिंगने धुतली तरी पिण्यासाठी वापरू नका, पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं. काम करताना गमबूट आणि हातमोजे घाला. पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा आजार) गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल केला, हरकत आली नाही, भिंती उघडल्या. डावीकडच्या कमानीभोवतीचं ग्लासवूल पिळून बादलीभर पाणी निघालं. तिथे पत्र्यावर तांबूस ठिपके आलेत, पण बोटाने पुसले जातात, खड्डा पडलेला नाही. फोम सुटा करून धुतला, तो पुन्हा वापरता येईल. एमआर प्लाय सगळा गेला. पलंगाची चौकट वडिलांनी काठीने ठोकून पाहिली, सांधे घट्ट आहेत. ती खोलून सावलीत, खाली पट्ट्या घालून रचून ठेवली आहे. थेट हॅलोजन मारायला ते नको म्हणतात, एका बाजूने वाळून लाकूड वाकतं.

शेड्यूलमध्ये आतल्या फिटिंगची किंमत नाही, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर खिशातून. इंजिन प्रोटेक्ट मात्र आहे.

आता एकच अडचण: या हवेत गाडीचं आतलं अंग वाळत नाही. पंखे लावलेत, पण हवाच ओली. कोल्हापूर, इचलकरंजी किंवा सांगलीत मोठा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) भाड्याने कोणाकडे मिळेल? गाडी ताडपत्रीने बंद करून आत लावायचा विचार आहे. माहिती असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, यंत्र न्यायला दुसरी गाडी घेऊन येतो.