मदत हवी आहे: दोघांपुरता गोळाभात, गोळे आतून कोरडे राहतात

आर्वी_तालुका
आज रात्रीच करायचा आहे, लवकर सांगा. गोळाभात करतो तर भातातले डाळीच्या पिठाचे गोळे वरून शिजल्यासारखे दिसतात, फोडले की मधात कोरडं पीठ. पाणी वाढवलं तर भाताचा गिचका होतो, गोळे फुटतात आणि सगळं पिवळं पिठलं होऊन बसतं. आई करते तेव्हा असं कधीच होत नाही. तिला विचारलं तर "अंदाजानं टाक" म्हणते. ती सध्या ताईच्या बाळंतपणासाठी नागपूरला आहे, तिकडे आधीच धावपळ, सारखा फोन करणं बरं नाही वाटत. घरी आबाजी आणि मी, दोघंच. त्यांना गोळाभातच पाहिजे. नेमकं प्रमाण सांगा. व्हिडिओ सगळे सहा-आठ माणसांचे आहेत, ते निम्मं-पाव करून जमत नाही.

वरोऱ्याची_सून
प्रमाण सांगते, पण आधी हे सांगा: भरडा आहे की दुकानातलं बारीक बेसन? तांदूळ कोणता? कुकर की गंज (पातेलं)? मोहन किती घालता? यातलं काहीच लिहिलं नाही भाऊ, मग कोणी काय सांगावं?

नागपूरकर_पुण्यात
दोघांसाठी गंज, झाकण, मंद आच हे सगळं कशाला करता? कुकर काढा. खालच्या डब्यात भात, वर इडलीच्या ताटलीला तेल लावून त्यात गोळे. शिटी न लावता 15 मिनिटं वाफवा. गोळा फुटायचा प्रश्नच येत नाही. मी इथे एकट्यासाठी असाच करतो, ऑफिसमधून आल्यावर अर्ध्या तासात ताट तयार.

झाडीपट्टी
हे फुणके झाले भाऊ, गोळाभात नाही. गोळा भातातच शिजला पाहिजे. भाताची वाफ गोळ्यात जाते आणि गोळ्याचा हिंग, ओवा, तिखट भातात उतरते, त्याच्यासाठीच तर हा खटाटोप. दोन वेगळ्या डब्यांत शिजवून ताटात एकत्र केलं तर ती चव कुठून येणार?

नागपूरकर_पुण्यात
चव येते. वरून फोडणीचं तेल घातलं की काहीच फरक कळत नाही. माझी आई भंडाऱ्याचीच आहे, तिनेही खाल्लाय.

झाडीपट्टी
आई लेकाला वाईट कशी म्हणेल?

आर्वी_तालुका
वरोऱ्याच्या ताई, दुकानातलं बेसन आहे. तांदूळ घरात आहे तोच, एचएमटी. कुकर नाही, आईचा नेहमीचा गंज. मोहन म्हणजे वरून तेल ना? एक चमचा टाकतो. इंडक्शनवर करतो, कारण सिलिंडर संपत आलं आहे, ते जपून वापरतो.

वरोऱ्याची_सून
आईचा नेहमीचा गंज किती माणसांचा?

आर्वी_तालुका
दहा-बारा. लग्नाआधी काकाचं घर पण आमच्यातच होतं.

वरोऱ्याची_सून
मग पहिलं कारण हेच. एक वाटी तांदूळ त्या गंजात टाकला की बोटभर थर होते. गोळा निम्मा भाताच्या वर उघडा राहते, खालची बाजू बुडाला टेकते. त्याला चारी बाजूंनी वाफ लागतच नाही, आणि रुंद गंजातून पाणी भराभर उडून जाते. आई दहा माणसांचा करते तेव्हा गोळे भातात पूर्ण बुडलेले असतात. म्हणून छोटा आणि उभा गंज घ्या, भाताचा थर तीन-चार बोटं आला पाहिजे.

दुसरं कारण बेसन. बारीक पिठाचा गोळा गरम पाण्यात गेला की त्याच्यावर चिकट साय धरते आणि आत पाणी जात नाही, मग मधात कोरडं राहतेच. भरडाच पाहिजे. चण्याची डाळ घरात असेल तर कोरडीच मिक्सरमध्ये फिरवा, जाड रव्यासारखी काढा. चक्कीवर जायची गरज नाही.

दोघांचं प्रमाण. तांदूळ 1 वाटी, भरडा त्याच वाटीनं पाऊण. भरड्यात हळद पाव चमचा, तिखट 1 चमचा, चांगला हिंग, ओवा तळहातावर चोळून, जिरं, मीठ, मूठभर बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर). 2 मोठे चमचे तेल कडकडीत गरम करून त्यावर ओता, यालाच मोहन म्हणतात, आणि चमच्यानं कालवा. मग कोमट पाणी थोडं थोडं घालून सैलसर भिजवा आणि 20 मिनिटं झाकून ठेवा. हे 20 मिनिटं सोडू नका. भरडा आधीच पाणी पिऊन बसला पाहिजे. कोरडा गोळा भातात टाकला तर तो भाताचं पाणी ओढते, मग भातही वरून कडक आणि गोळाही. मोठ्या गंजात पाणी भरपूर असते म्हणून ते खपून जाते, दोघांच्या भातात खपत नाही. व्हिडिओचं प्रमाण निम्मं करून जमत नाही ते याच्यामुळे.

20 मिनिटांनी पीठ मुठीत दाबून पाहा. बोटांचे ठसे उमटले आणि कडेला भेग गेली नाही तर बरोबर. भेग गेली तर अजून चमचाभर पाणी.

तांदूळ धुऊन अर्धा तास आधी निथळत ठेवा. अडीच वाटी पाण्याला आधण येऊ द्या, मीठ आणि चमचाभर तेल घाला, तांदूळ सोडा, झाकण नाही. पाणी भाताच्या बरोबरीला आलं, वर फक्त बुडबुडे फुटताना दिसतात, तेव्हा गोळे ठेवायचे. याच्या आधी ठेवले तर उकळीच्या धक्क्यानं फुटतात. मोठ्या लिंबाएवढे चार, मुठीत दाबून लांबट करा, भातात अलगद खुपसा आणि सराट्यानं वर भात ओढून घ्या. झाकण, त्या झाकणात पाणी, आणि एकदम मंद आच 15 मिनिटं. मग बंद करून अजून 10 मिनिटं उघडू नका. मधात कोरडं वाटलंच तर कडेनं दोन-तीन चमचे गरम पाणी सोडा, मधोमध नाही.

अंबानगरी
सगळं बरोबर, पण एवढं करण्यापेक्षा चिमूटभर खायचा सोडा टाका. गोळे कापसासारखे होतात. आमच्या अमरावतीला माझ्या सासूबाई टाकायच्या.

वरोऱ्याची_सून
सोडा नको. सोड्यानं गोळा फुगते आणि उकळीत विरघळते, त्याची तक्रार आधीच फुटण्याची आहे. शिवाय हळदीला सोडा लागला की गोळा लालसर होते. मोहन पुरेसं असलं की मऊ होतेच.

अंबानगरी
आमचे कधी विरघळले नाहीत. अंदाज पाहिजे. तुमच्या इकडे टाकत नाहीत म्हणून सगळ्यांनी टाकू नये असं थोडीच आहे.

बेंगळुरू_वरून_यवतमाळ
मी ओव्हनमध्ये करते, कॅसरोलसारखा. काचेच्या भांड्यात अर्धा शिजलेला भात, त्यात गोळे, परत भात, वरून ताकाची पातळ कढी वाटीभर, फॉइलनं घट्ट बंद करून 180 अंशांवर अर्धा तास. दोघांपुरताच होतो, खाली लागत नाही, आणि भांडं तसंच टेबलवर ठेवता येतं. कढीमुळे गोळा आतपर्यंत ओला राहतो. एकदा नक्की करून पाहा, मला तर आता गंजातला नकोच वाटतो.

झाडीपट्टी
ताई, त्याच्याकडे सिलिंडर संपत आलं आहे आणि तुम्ही ओव्हन सांगता.

बेंगळुरू_वरून_यवतमाळ
मी त्याच्याच साठी नाही लिहिलं, धागा वाचणारे बाकीचेही आहेत.

धानवाला
एचएमटी तांदळाचा गोळाभात चांगलाच होते, पण यंदाचा नवा तांदूळ असेल तर पाणी अडीच नाही, दोन वाटीच. नवा तांदूळ लवकर गिचका होते. तुमचा गिचका त्याच्यानंही होत असेल. जुना आहे की नवा?

नागपूरकर_पुण्यात
एचएमटी म्हणजे त्या घड्याळाच्या कंपनीनंच काढलेलं बियाणं ना? कुठेतरी वाचलं होतं.

धानवाला
नाही भाऊ, कंपनीचा काही संबंध नाही. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी काढलं. 1983 मध्ये पटेल-3 च्या धानात त्यांना वेगळ्याच रंगाच्या काही लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, आणि दरवर्षी निवडत निवडत हे वाण तयार केलं. तेव्हा एचएमटीची घड्याळं लोकांच्या हातात असायची, त्यावरून नाव पडलं. थोड्याशा जमिनीवर राबणारा माणूस होता तो. 2018 मध्ये वारले. आज किती घरांत रोज हाच भात शिजते, पण ताटावर बसून त्यांचं नाव कोणी घेत नाही. म्हणून मी जिथे एचएमटी शब्द दिसते तिथे हे लिहितोच.

झाडीपट्टी
बरं झालं लिहिलं. तरी गोळाभाताला चिन्नोरच. वास वेगळाच येते.

धानवाला
चिन्नोर मऊ पडते, गोळ्याच्या वजनानं भात दबते. वासासाठी चिन्नोर साध्या वरणासोबत खा. गोळाभाताला मोकळा तांदूळ पाहिजे.

झाडीपट्टी
आमच्याकडे पाहुणे आले की चिन्नोरचाच करतात, आणि कोणाचा दबलेला पाहिला नाही.

आर्वी_तालुका
तांदूळ मागच्या वर्षीचा आहे. चण्याची डाळ आहे, मिक्सरमधून काढतो. छोटा गंज जर्मनचा (अ‍ॅल्युमिनियमचा) आहे, तो इंडक्शनवर चालेल का? आणि गोळे अगदी मऊ पाहिजेत, आबाजींचे दात पडले आहेत. ते गोळा कुस्करून तेल घालून खातात, मागच्या वेळी कण कण लागले म्हणून ताटात तसेच ठेवले. बोलले काहीच नाहीत, भात तेवढा खाल्ला.

वरोऱ्याची_सून
दातांचं हे पहिल्या ओळीतच पाहिजे होतं! मग थोडं बदला. भरडा पाऊण वाटीतला पाव वाटी मुगाच्या डाळीचा घ्या, बाकी चण्याचा. मूग लवकर शिजते आणि गोळा हलका होते. रव्यापेक्षा किंचित बारीक काढा, पण पीठ करू नका. 20 मिनिटांऐवजी पाऊण तास भिजू द्या. मूठभर मेथी बारीक चिरून घातली तर ओल टिकते. गोळे लिंबाएवढे नको, लहान करा, सहा होतील.

जर्मनचा गंज इंडक्शनवर नाही चालत. लोहचुंबक बुडाला चिकटला तरच ते भांडं चालते. स्टीलचा उभा डबा किंवा गंज असेल त्याला चुंबक लावून पाहा. नसेल तर आजच्या पुरता गॅस वापरा, खाली जुना तवा ठेवून त्यावर जर्मनचा गंज. मंद आचेवर एवढ्याशा भाताला फार गॅस जात नाही.

गावचा_वैदू
म्हाताऱ्या माणसाला रात्री चण्याची डाळ देऊ नये. वात धरते, झोप येत नाही. दुपारी द्या. ओवा आणि हिंग दुप्पट करा. रात्री मुगाची खिचडी आणि वर साजूक तूप, हेच त्या वयाला चांगलं.

अंबानगरी
तो गोळाभात विचारून राहिला, तुम्ही खिचडी सांगून राहिले. म्हाताऱ्या माणसाला एक दिवस मनासारखं खाऊ द्या. पण ओव्याचं खरं आहे, ओवा कमी करू नका.

गावचा_वैदू
मी त्यांच्या तब्येतीसाठीच सांगितलं. पोट दुखलं तर रात्री गावात कोण आहे?

झाडीपट्टी
फोडणीचं कोणीच नाही सांगितलं, आणि दात नसलेल्या माणसासाठी तेच महत्त्वाचं. अर्धी वाटी फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, जवसाचं मिळालं तर आणखी चांगलं. मोहरी तडतडू द्या, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या ठेचून लालसर, मग आच बंद करून हिंग आणि शेवटी दोन सुक्या मिरच्या. मिरची आधी टाकली तर जळते आणि सगळं तेल कडू. गोळा गरम असतानाच ताटात बोटांनी कुस्करायचा, भातात मिसळायचा, आणि तेल तसंच गरम त्यावर. थंड गोळ्यावर तेल टाकलं तर ते वरच राहते, आत जिरत नाही. थंड झाला की गोळा कडकही होते. म्हणून आबाजी ताटावर बसले की मगच झाकण काढा.

आर्वी_तालुका
समजलं. स्टीलच्या डब्याला चुंबक चिकटला. डाळ काढली, भिजवली आहे. करून सांगतो.

नागपूरकर_पुण्यात
नाही जमलं तर कुकर आहेच.

आर्वी_तालुका
जमला. खालचा भात थोडा करपला, इंडक्शनची सर्वांत कमी आचही डब्याला जास्त होते बहुतेक. पण गोळा मधोमध फोडला तर आतपर्यंत एकसारखा पिवळा, ओलसर, कुठेही कोरडं पीठ नाही. मेथी नव्हती, सांबारच टाकला. आबाजींनी तीन गोळे खाल्ले, तेल दोनदा मागितलं, आणि तिखट कमी आहे म्हणाले. वरोऱ्याच्या ताई, झाडीपट्टी भाऊ, दोघांचे खूप आभार.

भात करपू नये म्हणून काय करू? आणि आबाजी म्हणतात उद्या सोबत चिंचेचं सार पाहिजे. दोघांसाठी चिंच किती?

वरोऱ्याची_सून
छान झालं! गोळे ठेवले की इंडक्शन पाच मिनिटंच चालू ठेवा, मग बंद करून डबा जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाऊण तास ठेवा. झाकण उघडायचं नाही. आतल्या वाफेवर बाकीचं शिजते. तिखट दीड चमचा करा.

साराला लहान लिंबाएवढी चिंच, दोन वाटी पाण्यात भिजवून कोळ काढा, सुपारीएवढा गूळ, मीठ, वरून जिरं-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. पीठ लावू नका, पातळच असू द्या.

अंबानगरी
सारात चिमूटभर मेथीदाणा टाका फोडणीला. आणि भेदरं (टोमॅटो) असेल तर एक.

वरोऱ्याची_सून
भेदरं नको, चिंच पुरते.