अनुभव धागा : मोठेपणी पुन्हा खेळायला लागलो तेव्हा

धागाकर्ती, इंदिरानगर

मागच्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये पोरं डबा ऐसपैस खेळत होती. मी भाजी घेऊन जिन्यापाशी पोचले तर चौघं पकडली गेलेली, आणि त्यांतली माझी नऊ वर्षांची लेक मला डोळ्यांनी खुणावतेय. पिशवी तिथेच टेकवली, पाण्याच्या टाकीला वळसा घालून धावत आले आणि डबा उडवला. रंगाचा रिकामा डबा तो, फरशीवर असा खणखणत गेला की वरच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. सुटलेली चौघं किंचाळत पसार!

रात्री अंथरुणात लेक म्हणाली, "आई, आज तू खरं खरं खेळलीस." मला बराच वेळ झोप लागली नाही. मी तर तिच्याशी रोजच खेळत होते. ठोकळे, चित्रं, कागदकाम. पण ते सगळं तिला काहीतरी यावं म्हणून, एक डोळा घड्याळावर ठेवून. आणि तिला ते कळत होतं.

तर लिहा. मुलांसाठी म्हणून नव्हे, स्वतःला हवंसं वाटलं म्हणून तुम्ही मोठेपणी कधी खेळलात? मूल नसलेल्यांनीही जरूर लिहा.

जुनं नाशिक

आमच्या भागात त्यासाठी रंगपंचमीची रहाड आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा हौद. वर्षभर तो चौकाखाली बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात. रंगपंचमी जवळ आली की उकरून साफ करतात, पूजा होते, मग त्यात रंग. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंधा चौकातली पिवळी. आत उडी घेण्याला आम्ही धप्पा म्हणतो.

कॉलेजात असेपर्यंत माझा धप्पा चुकला नाही. दुकानावर बसायला लागलो आणि कधी काठावर उभा राहायला लागलो ते कळलंही नाही. अकरा वर्षं काठावरच. मुलाला खांद्यावर घेऊन "ते बघ, ते बघ" करायचो. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "पप्पा, तुम्हाला येतं का हे?"

चपला आणि मोबाईल त्याच्या हातात दिला आणि मारला धप्पा. काठावरची अख्खी रांग भिजली, त्यात तोही. वर आलो तेव्हा नाकातोंडात रंग, कानात नुसता घूं घूं आवाज, आणि पोरगा मोबाईल डोक्यावर धरून नाचतोय. तो रंग पक्का असतो. चार दिवस पिवळे कान घेऊन दुकानात बसलो. गिऱ्हाईक विचारायचं, मी प्रत्येकाला सगळी गोष्ट सांगायचो.

अंबड, रात्रपाळीवाला

थोडं वेगळं लिहितो. बारा तास घराबाहेर काढून आलेल्या माणसाला "मुलांशी खेळत जा" म्हणणं सोपं असतं. मला ते ऐकून अपराधी वाटायचं, खेळावंसं नाही वाटायचं.

आमच्याकडे मुलीनेच मार्ग काढला. मी सकाळी येऊन चटईवर आडवा पडतो. मी डोंगर. ती पायाच्या अंगठ्यापासून गाड्या चढवत आणते, गुडघ्याचा घाट, मग पोट. गाडी पोटावर मधोमध आली की भूकंप! गाड्या खाली, ती माझ्या अंगावर. दहा मिनिटं, की मी झोपलो. ती दहा मिनिटं मला मनापासून आवडतात, म्हणून इथे लिहिलं. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांना बोल लावू नका, एवढी विनंती.

धागाकर्ती

अगदी पटलं. भूकंप आज संध्याकाळीच करून बघते.

पंचवटी, वय ७१ (नात टाईप करून देते आहे)

माझे सागरगोटे पितळी डबीत होते. सिन्नरहून, माहेरून आणलेले. पाच, राखाडी, हातात फिरून फिरून गुळगुळीत झालेले. लग्नानंतर एका दुपारी ओटीवर एकटीच खेळत बसले होते. घरातलं मोठं माणूस म्हणालं, आता काय वय आहे का हे? डबी ट्रंकेत गेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ते जर वय नव्हतं, तर कोणतं होतं?

दिवाळीच्या आवराआवरीत नातीला डबी सापडली. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलून त्याला झेलायचं. सांधे दुखतात, पण बोटांना सगळं आठवत होतं. एकेरी झाली, दुरी झाली, तिरीला सुटला. नातीला अजून एकेरी येत नाही. मी तिला मुद्दाम जिंकू देत नाही.

गंगापूर रोड, माहेर येवला

आजींचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस गाव गच्चीवर असतं. पतंग भावांच्या हातात आणि आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, माझ्या. लग्न होईपर्यंत मी आसारीच धरली. दोर सोड, दोर गुंडाळ.

यंदा माहेरी गेले आणि मुलाला म्हटलं, धर आसारी. साधा सुती दोरा घेतला. नायलॉन मांज्यावर बंदी आहेच, आणि पाखरांची नि माणसांची काय गत होते ते पाहिलंय. पहिले दोन पतंग गच्चीच्या कठड्यालाच फाटले. तिसरा चढला. वारा दोर ओढतो तेव्हा ती ओढ तर्जनीपासून थेट खांद्यापर्यंत जाते, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. शेजारच्या गच्चीने तो कापला, "वकाट!" ओरडले, आणि मीही त्यांच्याबरोबर ओरडले.

कॉलेज रोड

मूल नाही, तरी लिहितेय. आम्ही पाचजणी गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालायला जायचो. आता चालून झालं की लगोरी खेळतो. शहाबादी फरशीचे सात तुकडे एकीच्या डिकीत कायमचे असतात. येत्या रविवारी साडेसहाला या. भिडू कमी आहेत, आणि चेंडू आणा, आमचा झाडात अडकलाय.

पंचवटी

नातीबरोबर मी येते. पळायचं तिने, नेम माझा.