खोकला आला की आईला लघवी होते, काय करू?

आई ६२ वर्षांची. शिंक-खोकल्याला लघवी सुटते. एसटीचा प्रवास नको म्हणते, भजनी मंडळही सोडलं. पाणी तर घोट घोटच पिते. "वय झालं" म्हणते, मला ते पटत नाही.

↳ ताई, पाणी तोडू देऊ नका, लघवी दाट होऊन जास्त त्रास होतो. वायू रोखताना आवळतो ते स्नायू पाच सेकंद आवळायचे, मग सैल सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. फरक दिसायला तीनेक महिने लागतात. माझ्या सासूबाई कुकरच्या शिट्ट्या मोजत करायच्या!

↳ बद्धकोष्ठ आहे का? कुंथल्याने हेच स्नायू ढिले पडतात. लघवीत जळजळ किंवा रक्त असेल तर आधी डॉक्टर.

↳ बद्धकोष्ठ आहे, कित्येक वर्षांचं! उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेते.