आभार मानायचे राहून गेले

घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोला एकदाही तसं म्हटलं नाही. गेल्या आठवड्यात तिची अविधवा नवमी केली. सवाष्ण जेवायला बोलावली, खीर-वडे सुनेने केले. चटणीसाठी आमसुलं शोधताना फळीवर मागे एक बरणी सापडली. झाकणावर चिकटपट्टी, तिच्या अक्षरात: ‘जुनी. आधी ही संपवा.’

हे ‘संपवा’ मला होतं. आजार कळल्यापासून तिने मला रोज ओट्यापाशी उभं केलं. डाळीला किती पाणी, हिंग कधी, दूध उतू जायच्या आधी कसं ओळखायचं. मला वाटायचं, दुखण्याने चिडचिड करतेय. ती माझ्या पुढच्या दिवसांची सोय लावत होती, हे मला बरणी हातात आल्यावर कळलं.

तुमचंही कुणापाशी असं राहून गेलं असेल तर लिहा. जसं आठवेल तसं.

— निवृत्त शिक्षक, मिरज

काका, माझी आई. १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांची, आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची. तिथे सुकडी मिळायची. आपल्या वाटची सुकडी ती पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आम्हा तिघांना वाटायची. घामाने ओलसर झालेली, खारट-गोड लागायची. कुणाला जास्त मिळाली म्हणून आम्ही भांडायचो. ‘आई, तू खाल्लीस का?’ असं एकाही लेकराने विचारलं नाही.

मागच्या चैत्रात ती गेली. दहाव्याला कावळा शिवेना. भावांनी सगळं कबूल केलं, तुझी गाय सांभाळू, धाकट्या नातीचं लग्न लावून देऊ. ऊन चढलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी पुढे झाले आणि म्हटलं, ‘आई, आम्ही जेवलोय गं सगळे. आता तू खा.’

मग शिवला. कुणी योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही.

— संभाजीनगर

आमच्या घरात ही जागा वहिनीची. वडील आणि दादा दोघंही गिरणीत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत. लालबागच्या चाळीत एक खोली आणि सात माणसं. पुढच्या महिन्यात मिटेल, पुढच्या महिन्यात मिटेल, करत वर्ष गेलं. वडील गावी परतले. वहिनीने पोळीभाजीचे डबे सुरू केले. माझी कॉलेजची फी भरली त्या दिवशी तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्या कुठे गेल्या ते मला माहीत होतं. विचारलं नाही.

नोकरी लागल्यावर साडी घेतली तिला. पाटल्या करायच्या होत्या, पण आधी घराचे हप्ते, मग मुलांची शिक्षणं. २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने ती गेली, शेवटचं दर्शनही झालं नाही. पाटल्या आता केल्या, तिच्या नातीला लग्नात घातल्या. त्याने माझं समाधान झालं नाही, खोटं कशाला सांगू.

— डोंबिवली

मी थोडक्यात लिहिते. यजमान गेले त्या रात्री मला उठताही येत नव्हतं. सासूबाईंनी, स्वतःचा मुलगा गेलेला असताना, दिराला नेत्रपेढीला फोन करायला लावला. सहा तासांच्या आत व्हायला हवं, त्याची इच्छा होती, म्हणाल्या. पंखा बंद केला, त्यांच्या पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला आणि माणसं येईपर्यंत उशाशी बसून राहिल्या. कापूस सुकला की पुन्हा भिजवत होत्या.

याला बारा वर्षं झाली. मी त्यांना कधी काही बोलले नाही. त्या आता ९१ वर्षांच्या आहेत, शेजारच्या खोलीत झोपल्या आहेत. सकाळचा चहा मीच नेते. उद्या बोलेन.

— नाशिक