मौन म्हणजे परिपक्वता नव्हे

'जो कमी बोलतो तो आत्मिकदृष्ट्या परिपक्व' असं एक मत वाचलं, ते मला अर्धंच पटलं. बायबलमध्ये याकोब ३:२ म्हणतं की जो बोलण्यात चुकत नाही तो 'परिपूर्ण'. या 'परिपूर्ण'साठी मूळ ग्रीक शब्द 'तेलेइओस', म्हणजे पूर्ण वाढ झालेला. पुढचे दाखले लगाम आणि सुकाणूचे, दोन्ही वळवण्यासाठी असतात, म्हणजे जीभ बंद ठेवायची नाही, वळवायची. इफिसकरांस ४:२९ तर कुजकं टाळा आणि उन्नतीचं बोला असंच सांगतं. तिथे 'कुजकं'साठी ग्रीक शब्द 'साप्रोस'. मत्तय १३:४८ मध्ये जाळ्यातून फेकून दिलेल्या माशांना तोच लावलाय.

आपल्याकडे खरा घोळ प्रार्थना-विनंतीत होतो. रविवारची उपासना सुटली की कॅम्पातल्या चर्चच्या फाटकापाशी, स्कूटर काढता काढता, "त्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा हं, माहेरी गेलीये म्हणे." संध्याकाळपर्यंत ते मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर. ही चहाडीच, फक्त शेवटी आमेन लावलेली. पाठवण्याआधी त्या घरच्यांना विचारा. 'हो' आलं नाही तर नाव, नातं, गल्ली काहीच नको, 'एका कुटुंबासाठी' एवढं पुरे. तक्रार असेल तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम धरा: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे. बहुतेक जण तिसऱ्या पायरीवरूनच सुरुवात करतात. मग पाळकसाहेब मध्ये पडेपर्यंत दोन्ही घरं हट्टाला पेटलेली असतात.